बिग आयलंडवर येताय? आधी वारा विचारा

हवाईला, म्हणजे तिथल्या या सर्वांत मोठ्या बेटावर, यायचं ठरलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "लाव्हा दिसेल ना गं?" मी उलट विचारते, मुक्काम कुठे धरलाय? बहुतेकांचं उत्तर "कोना" असतं. तिकडे, बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, हॉटेलं आहेत, ऊन आहे, फोटो छान येतात. मग मला सांगावं लागतं की कोनाहून ज्वालामुखीपर्यंत गाडीने दोन-अडीच तास लागतात, आणि परतायला तेवढेच. पाच तास गाडीत बसून तासभर लाव्हा बघायचा, हा हिशेब काही बरा नाही. दोन रात्री तरी पूर्वेच्या हिलोला किंवा आमच्या व्हॉल्केनो गावात काढा, बाकीच्या कोनाला. हॉटेल बदलायचा कंटाळा करू नका. बेट १०,००० चौरस किलोमीटरच्या वर आहे, आणि दोन टोकांच्या हवेचा एकमेकींशी काही संबंध नाही.

ही हवा ठरते दोन गोष्टींवर: वारा कुठून येतो आणि तुम्ही किती उंचीवर आहात. वर्षातला बराच काळ ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. ते मौना केआ आणि मौना लोआ या दोन अजस्र डोंगरांना अडतात आणि सगळं पाणी हिलोच्या बाजूला टाकून मोकळे होतात. हिलोत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. डोंगरापलीकडच्या कावाइहाएला २५० मिलिमीटरसुद्धा पडत नाही. आमचं गाव १,२०० मीटरवर, त्यामुळे इथे रात्री स्वेटर लागतो आणि थंडीत घरोघरी लाकडाची शेगडी पेटते. उष्णकटिबंधातलं बेट म्हणून चार सुती कपडे घेऊन आलेले पाहुणे पहिल्याच रात्री माझ्या कपाटातल्या शाली संपवतात.

हाच वारा ज्वालामुखीचा वायूही वाहून नेतो. किलावेया या आमच्या ज्वालामुखीतून सल्फर डायऑक्साइड निघतो, हवेत मिसळून त्याचं धुरकट आवरण होतं, त्याला इथे सगळे "व्हॉग" म्हणतात. व्यापारी वारे असले की हा व्हॉग दक्षिणेच्या काऊ भागाकडे आणि कोनाकडे जातो. वारा फिरला की हिलोकडे आणि आमच्याकडे. त्या दिवशी घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं. दम्याचा त्रास असेल तर इन्हेलर बॅगेत नको, खिशात ठेवा. साध्या किंवा एन-९५ मास्कवर विसंबू नका. तो कण अडवतो, वायू नाही. गाडीच्या काचा वर करा, एसीला आतलीच हवा फिरवायला लावा आणि सरळ बेटाच्या दुसऱ्या बाजूला जा. व्हॉगचा अंदाज आणि हवेच्या नोंदी इंटरनेटवर मिळतात. सकाळच्या चहाबरोबर ते बघायची सवय इथे सगळ्यांनाच लागते.

चार दिवसांसाठी येणार असाल तर

सामानापासून सुरुवात. माझ्यासाठी म्हणून ताजा कढीपत्ता, आंबे, तुळशीचं रोप असलं काही कृपा करून आणू नका. विमानतळावर जप्त होईल, आणि न सांगता आणलंत तर दंडही भरावा लागेल. हवाईत शिरताना कुठलं फळ, रोप, प्राणी आणलाय का याचा फॉर्म भरायचा असतो, आणि इथून अमेरिकेच्या मुख्य भूमीकडे जातानाही सामानाची शेतीखात्याकडून तपासणी होते. सनस्क्रीन घेताना डबीवरचे घटक वाचा. ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर प्रवाळासाठी २०२१ पासून इथे बंदी आहे.

आता लाव्हा. व्हिडिओंमध्ये लाल लाव्हा समुद्रात कोसळताना आणि वाफेचे लोट उठताना दिसतात, ते जुने आहेत. तो उद्रेक १९८३ ला सुरू झाला आणि २०१८ ला संपला. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला उद्रेक किलावेयाच्या माथ्यावरच्या हालेमाउमाउ विवरातला आहे, आणि तो सलग चालत नाही. काही तास ते दिवसभर कारंजी उडतात, कधीकधी ३०० मीटरच्याही वर. मग एकदम बंद. मधली शांतता काही दिवसांची असते, कधी काही आठवड्यांची. त्या काळात जमिनीखाली वितळलेला खडक भरत जातो, डोंगराचा माथा किंचित फुगतो, आणि तो फुगवटा मोजून हवाईयन व्होल्कॅनो ऑब्झर्व्हेटरी पुढच्या टप्प्याचा अंदाज सांगते. ही वेधशाळा १९१२ पासून हेच काम करते आहे. तरीही अंदाज "या दोन-तीन दिवसांत" असाच असतो. तेव्हा लाव्ह्यावर डोळा ठेवून विमानाची तिकिटं काढू नका. आल्यावर मात्र रोज त्यांचा अहवाल वाचा आणि विवरावर रोखलेले थेट कॅमेरे बघा. कॅमेऱ्यात काळं दिसत असेल तर तिथे जाऊनही काळंच दिसणार.

कारंजी सुरू झाली की सगळं बेट तिकडे धावतं. ज्वालामुखीभोवतीचं राष्ट्रीय उद्यान चोवीस तास उघडं असतं, म्हणून मी पाहुण्यांना पहाटे साडेतीन-चारला उठवते. कुरकुरतात, पण पार्किंग मिळतं, अंधारात रंग खुलतो, आणि उजाडताना विवराचा आकारही कळतो. बॅटरी, रेनकोट, जाड जॅकेट, थर्मासमध्ये चहा. कठड्याच्या पलीकडे एक पाऊलही टाकायचं नाही. विवराच्या कडा खालून पोखरलेल्या असतात आणि वरून ते दिसत नाही. प्रवेशशुल्काचा पास सात दिवस चालतो, तेव्हा एकाच दिवसात सगळं उरकायची घाई नको.

लाव्हा नसला तरी निराश होऊन परत फिरू नका. शेजारच्या किलावेया इकी या विवराच्या तळातून चालत जा. १९५९ मध्ये इथे ५८० मीटर उंच कारंजं उडालं होतं आणि हा सगळा तळ उकळता तलाव होता. आता त्याच्या गोठलेल्या सायीवरून माणसं डबा घेऊन चालतात. दोन-तीन तास लागतात. उतरताना ओलं जंगल, खाली रणरण, आणि पाऊस पडून गेला की पायाखालच्या फटींतून ऊन वाफ येते. आपला सह्याद्रीही याच जातीच्या काळ्या दगडाचा, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, झिजून गुळगुळीत झालेला. इथला दगड तुमच्या मुलांपेक्षाही लहान असू शकतो. तो काचेसारखा धारदार असतो. हात टेकून पडलात तर तळवा सोलून निघतो, म्हणून बंद बूट आणि फुल पँट. सपाट, गुंडाळीसारखा दिसणारा तो पाहोएहोए, त्यावर चालता येतं, पण काही ठिकाणी त्याची साल आतून पोकळ असते. खडबडीत कोळशाच्या राशीसारखा दिसणारा तो आआ, त्यावर वाट सोडून पाऊल टाकूच नका.

तिथून पुढे चेन ऑफ क्रेटर्स रस्ता समुद्रापर्यंत उतरतो, जवळपास ३० किलोमीटर. उद्यानात पेट्रोल नाही आणि खाली खायला काही नाही, हे लक्षात ठेवलं की झालं.

वाटेत दगड उचलू नका. ही पेलेची, ज्वालामुखीच्या देवीची, जागा आहे आणि इथल्या लोकांसाठी ती गोष्टीतली देवी नव्हे, घरातली आहे. दरवर्षी लोक नेलेले दगड माफीच्या पत्रासह टपालाने परत पाठवतात. ते परतलेले दगडही उद्यानवाल्यांना डोकेदुखीच, कारण कुठला दगड कुठला ते कोण सांगणार? दगडांवर दगड रचून मनोरेही करू नका. आणि जंगलात शिरताना-निघताना बुटांचे तळवे ब्रशने घासा, जंतुनाशक अल्कोहोलच्या फवाऱ्याचा एक हात मारा. ओहिया हे गोठलेल्या लाव्ह्यावर पहिल्यांदा उगवणाऱ्या झाडांपैकी एक, आणि एका बुरशीने ही झाडं पटापट मरतायत. ती बुरशी बुटाच्या मातीतूनही पसरते.

मौना केआला जायचंच असेल तर २,८०० मीटरवरच्या पर्यटक केंद्रावर किमान अर्धा तास थांबा. माथा ४,२०७ मीटरवर आहे, आणि समुद्रावरून सरळ तिथे चढलात तर डोकं धरून बसाल. तेरा वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, हृदयाचा त्रास असलेले यांनी केंद्राच्या वर जाऊ नये. स्कूबा केल्यावर चोवीस तास तर मुळीच नाही. वरच्या रस्त्याला फोर-व्हील-ड्राइव्हच लागते. सासूबाईंना मी केंद्रावरूनच तारे दाखवले आणि त्या पूर्ण खूष झाल्या.

समुद्राबद्दल एकच सांगते. महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी सकाळी पावणेबाराला त्सुनामीसारख्या संकटाचा इशारा देणारे भोंगे वाजतात, ती चाचणी असते, घाबरू नका. पण किनाऱ्यावर असताना जमीन जोरात हलली तर भोंग्याची वाट न बघता उंचावर चालायला लागा. हिलोच्या खाडीलगत एवढी मोकळी हिरवळ का, असं पाहुणे विचारतात. १९४६ आणि १९६० च्या त्सुनामींनी तिथली वस्ती धुऊन नेली, आणि नंतर तिथे घरं बांधलीच नाहीत.

राहायलाच येणार असाल तर

बेटाच्या आग्नेयेला, पुनाच्या बाजूला, जमीन स्वस्त दिसते आणि लोकांचे डोळे चमकतात. स्वस्त का, ते भूगर्भ खात्याच्या नकाशावर लिहिलेलं आहे. बेटाचे १ ते ९ असे लाव्हा झोन पाडलेत. १ सर्वांत धोक्याचा, ९ म्हणजे उत्तरेचा थंडावलेला कोहाला. २०१८ च्या मेमध्ये पुनातल्या लेइलानी एस्टेट्स या वसाहतीत लोकांच्या अंगणात जमीन फाटली, आणि ऑगस्टपर्यंत त्या भागात ७०० च्या वर घरं गेली. लेइलानी झोन १ मध्ये. झोन १ आणि २ साठी कर्ज आणि विमा दोन्ही मिळवताना घाम फुटतो. आमचं गाव विवराच्या एवढं जवळ असून झोन ३ मध्ये येतं, कारण माथ्यावरचा लाव्हा सहसा विवराबाहेर चहूकडे सांडत नाही, बाहेर येतो तो डोंगराच्या फुटीच्या रेषांवरून. म्हणून विवर किती लांब हे विचारू नका, झोन कोणता हे विचारा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. बेटाच्या या बाजूला हजारो घरांना नळ नाही. पत्र्यावरचा पाऊस पन्हळीतून टाकीत, टाकीतून पंपाने गाळण्यांत, तिथून अतिनील दिव्याखालून घरात, अशी साखळी असते. घर बघायला गेलात की हॉल-किचन नंतर, आधी टाकीपाशी जा. आतलं अस्तर फाटलंय का, वरची जाळी ताणलेली आहे का, पन्हळीत पाला सडतोय का, दिवा शेवटचा कधी बदलला, ते बघा. पत्रा जुना असेल तर शिसं आहे का याची पाण्याची तपासणी करून घ्या. व्हॉगमुळे पाऊस आंबट होतो आणि जुन्या रंगातलं, सांधे जोडायच्या डागातलं (सोल्डरमधलं) शिसं पाण्यात उतरू शकतं. प्यायचं पाणी आमच्याकडे बहुतेक जण कौंटीच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, सार्वजनिक नळावरून कॅनमध्ये भरून आणतात.

कारंजी उडतात त्या दिवशी आमची पहिली धावपळ कॅमेऱ्याकडे नसते, पन्हळीकडे असते. टाकीत जाणारा पाइप काढून ठेवायचा. कारण वाऱ्याबरोबर राखाडी-काळे, फुलासारखे हलके खडे येतात, आणि त्यांच्यात पेलेचे केस: लाव्हा हवेत ताणला जाऊन झालेल्या काचेच्या सोनेरी-तपकिरी तारा. गवतावर उन्हात चमकतात, दिसायला फार सुंदर. हाताने गोळा करायला जाऊ नका, बोटांत मोडतात आणि कुसळासारख्या सलत राहतात. डोळे चोळू नका. गाडीच्या काचेवर पडल्या असतील तर वायपर लावायचा नाही, काचेवर ओरखडे उठतात. आधी भरपूर पाणी ओता. छप्पर धुऊन पहिलं पाणी बाहेर सोडलं की मगच पाइप परत जोडायचा.

बागेत भाजी लावणार असाल, आणि आपण मराठी माणसं मेथी-अळू लावल्याशिवाय राहत नाही, तर गोगलगायींची धास्ती बाळगा, विशेषतः बिनशंखाच्या. त्यांच्यात उंदराच्या फुप्फुसातल्या कृमीची पिल्लं असू शकतात, आणि कच्च्या पानाबरोबर बारीकशी गोगलगाय पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. पुनात ही प्रकरणं प्रत्यक्ष घडली आहेत. पान न् पान वाहत्या पाण्याखाली उलटंपालटं करून धुवा. मी तर कोशिंबिरीला पानं घेणंच सोडलं. बागेतलं हिरवं ते शिजवूनच. बागेच्या होजने पाणी पिऊ नका, मुलांनाही सांगा.

कुंडीतलं रोप विकत घेतलंत तर घरात आणण्याआधी काडीला शेंगदाण्याचं लोणी लावून तासभर मातीत खोचून ठेवा. बारीक केशरी मुंग्या चढल्या तर रोप परत द्या. त्या डसतात, आणि एकदा घरात शिरल्या की वर्षानुवर्षं हटत नाहीत.

मोठ्या आजारासाठी होनोलुलूला उडावं लागतं. या बेटावरून दुसऱ्या बेटावर जायला फेरीबोट नाही, विमानच. वयस्क आई-वडिलांना कायमचं आणायचा विचार असेल तर हे आधी त्यांच्याशी बोला. भारताशी फोनवर बोलायला साडेपंधरा तासांचा फरक आहे. आमची संध्याकाळ म्हणजे तिकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ, तीच वेळ सोयीची.

घर दिवसा पसंत पडलं तरी एकदा रात्री जाऊन अंगणात उभे राहा. पोर्तो रिकोहून आलेले कोकी बेडूक अंगठ्याच्या पेराएवढे असतात, पण जवळून त्यांचा आवाज ९० डेसिबलपर्यंत जातो, आणि एक थांबला तर दुसरा आहेच. खालच्या उबदार पट्ट्यात त्यांचा सुकाळ आहे, आमच्या थंडीत जरा कमी. तो कलकलाट आणि पत्र्यावरचा पाऊस ऐकत झोप लागेल असं वाटलं तर पुढची बोलणी करा, पण सही करायच्या आधी विमा मिळतोय का ते लेखी घ्या.