डीआरडी४ वर काम करताय? आधी तुमचे सगळे ४/४ परत चालवा

डीआरडी४ म्हणजे डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा एक रिसेप्टर (ते पकडणारं प्रथिन) बनवणारा जीन. जीनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या म्हणजे अलील, प्रत्येकाकडे दोन, एक आईकडून, एक वडिलांकडून; दोन्ही ४ चे असले की ४/४. बाकीचं सोडतो. माझं जवळपास वर्ष कुठं गेलं ते सांगतो.

डीआरडी४ च्या एक्झॉन ३ मध्ये (प्रथिनाचा मजकूर असलेल्या तिसऱ्या भागात) ४८ बेसचा, म्हणजे डीएनएच्या ४८ अक्षरांचा, तुकडा परत परत येतो, कुणात २ वेळा, कुणात ४, कुणात ७. १९९६ मध्ये लांब अलीलचा संबंध नावीन्याच्या ओढीशी जोडणारे दोन पेपर नेचर जेनेटिक्सच्या एकाच अंकात आले, त्याच वर्षी ७ वाल्याचा संबंध एडीएचडीशीही (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) लागला, आणि मग जगभर सगळे त्याच्या मागे लागले. उशिरा का होईना, आम्हीपण. एडीएचडीची मुलं (केसेस) आणि तुलनेसाठी तो त्रास नसलेले (कंट्रोल), कुणात कुठला अलील ते मोजायचं, साधं काम.

साधं कसलं! त्या भागात जी आणि सी ही अक्षरं ठासून भरलेत, पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढायची पद्धत) तिथं अडखळतो. छोटा अलील भराभर वाढतो, लांबडा मागे राहतो. ४ आणि ७ मध्ये फरक १४४ बेसचा, पण तेवढ्यानं जेलवर (तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारा थर) ४/७ वाल्या माणसाच्या लेनमध्ये, म्हणजे त्याच्या रांगेत, ४ चा झक्क बँड (पट्टा) आणि वर नुसती धुरकट रेघ दिसते. ती रेघ मी कचरा समजून सोडून दिली. वहीत ४/४ लिहिलं, पुढची लेन.

आता खरी गोम ऐका. केसेसचा डीएनए ताजा होता, कंट्रोलचा मात्र जुन्या प्रोजेक्टमधून उरलेला, दहादा गोठवून वितळवलेला, तुकडे पडलेला. म्हणजे ७ गळत होता तो कंट्रोलमध्येच जास्त! साहजिकच केसेसमध्ये ७ जास्त दिसला, पी ०.०५ च्या खाली (म्हणजे फरक नुसता योगायोग वाटत नाही), लॅबमध्ये पेढे. हार्डी-वाइनबर्ग, म्हणजे अलीलच्या प्रमाणावरून कुठली जोडी किती जणांत दिसायला हवी तो हिशोब, मी बघितलंच नव्हतं. समजा ४ चं प्रमाण ०.८ आणि ७ चं ०.२, तर शंभरात ३२ जण ४/७ निघायला हवेत. आमच्या कंट्रोलमध्ये अपेक्षेच्या निम्मेही नव्हते. डीएमएसओ (जी-सीची घट्ट पकड सैल करणारं रसायन) घालून सगळं परत चालवलं, धुरकट रेघांच्या जागी चक्क बँड आले आणि आमचं असोसिएशन (७ आणि एडीएचडीचा संबंध) गायब.

हे कळल्यावरही माझ्या पीएचडी गाईडचं म्हणणं, आधी पेपर पाठवू, रिव्ह्यूअर विचारतील तेव्हा बघू. असा गाईड मिळाला तर पळा, आणि पळता येत नसेल (मला नाही आलं) तर निदान हिशोब स्वतः करा. सीनियरकडून आलेल्या प्रोटोकॉलच्या झेरॉक्सवरही माझा आता काडीचा विश्वास नाही.

डीआरडी२ (दुसरा डोपामिन रिसेप्टर जीन) चा टॅक१ए नावाचा बदल घ्यायचा विचार असेल तर १९९० चा जामा या वैद्यकीय नियतकालिकातला दारूच्या व्यसनाचा पेपर वाचा, ३५ व्यसनी आणि ३५ इतर लोकांचे मेंदू, बास. आणि तो बदल मुळात शेजारच्या एएनकेके१ जीनमध्ये बसतो. शिवाय त्याचं प्रमाण समाजागणिक बदलतं, आपल्याकडे लग्नं जातीतच होतात, तेव्हा केसेस एका समाजातल्या आणि कंट्रोल दुसऱ्या असं चुकूनही करू नका.

घाबरू नका पण. २०१४ च्या स्किझोफ्रेनियाच्या मोठ्या जीवासमध्ये (GWAS, सगळा जीनोम चाळून आजाराशी संबंध शोधणं) १०८ जागा सापडल्या, त्यात डीआरडी२ आहेच. फक्त त्यासाठी ३६,९८९ रुग्ण लागले. तुमच्या दीडशे सॅम्पलमधून ठळक संबंध निघाला तर आधी जेलवर शंका घ्या. नकारात्मक निकालावरही थिसिस होतो, माझा झाला.

आणि हो, डीएमएसओ घातल्यावर एनिलिंग टेम्परेचर (पीसीआरमध्ये प्रायमर, म्हणजे सुरुवातीचे छोटे तुकडे, डीएनएला चिकटतात ते तापमान) दोन-तीन डिग्री खाली घ्या. मला कुणी सांगितलं नव्हतं, पहिला आठवडा जेल कोरंच येत होतं.