जळगावहून विमानाने जाताना खिडकी कोणती घ्यावी?

आधी नकाशा बघा, मग सीट. जळगावहून मुंबईला विमान नैर्ऋत्येकडे जातं. म्हणजे उजवीकडे तापीचं खोरं आणि हवा स्वच्छ असेल तर लांबवर सातपुडा, डावीकडे अजिंठ्याचे डोंगर. परतताना बाजू उलटतात. सीट नंबरातलं ‘ए’ म्हणजे कायम डावी खिडकी, एवढं लक्षात ठेवा.

दुसरं, ऊन. सकाळी मुंबईकडे जाताना सूर्य डाव्या अंगाला, मागे असतो, त्यामुळे उजवी खिडकी निवांत. दुपारनंतर मात्र डावी बरी, नाहीतर काचेवर नुसती तिरीप आणि फोटो पांढरे.

छोटं एटीआर विमान असेल तर आनंदच! त्याचे पंख खिडकीच्या वर असतात, खालची केळीची बाग, नदीचं वळण उघडं दिसतं. फक्त इंजिनाजवळच्या रांगा टाळा, मागे बसा. एअरबस किंवा बोइंगला पंख खाली, म्हणून पंखाच्या पुढची रांग घ्या. मागे इंजिनाच्या गरम हवेने दृश्य थरथरतं.

पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात जा. उन्हाळ्यात आपल्याकडे धुरकटच असतं. आणि हो, वेब चेक-इन उघडल्याबरोबर करा.