ड्रायव्हर चेंडूमागे कसा ठेवायचा: टेकवून की अधांतरी?

गोल्फमध्ये टीवरचा, म्हणजे छोट्या खुंटीवर ठेवलेला, चेंडू जमिनीपासून तीन-चार सेंटीमीटर वर बसलेला असतो आणि त्याच्यामागे ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब, मात्र गवतावर टेकवलेला. म्हणजे फेसचा (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा) मध्य आणि चेंडूचा मध्य एका उंचीवर नसतातच. तरीही वरून बघताना चेंडू फेसच्या मधोमध दिसला की आपण निर्धास्त होतो, आणि पुढे फटका हीलला, म्हणजे फेसच्या शाफ्टकडच्या (दांड्याकडच्या) बाजूला, का बसला याचं खापर स्विंगवर फोडतो.

एकदा करून बघा. चेंडू टीवर लावा, ड्रायव्हर नेहमीसारखा टेकवा आणि चेंडू फेसच्या बरोबर मध्यावर आणा. आता कंबर, गुडघे न हलवता फक्त हात उचलून क्लबचं डोकं चेंडूच्या उंचीला न्या. चेंडू आता मध्यावर नाही, हीलकडे सरकलेला दिसेल. सरकला अर्थातच चेंडू नाही, डोकं बाहेर गेलं. हात आणि क्लब खांद्यापासून तिरके लोंबत असतात. तिरकी लोंबणारी वस्तू उचलली की ती वर जाते तशी अंगापासून लांबही जाते. ड्रायव्हरच्या बाबतीत अडीच सेंटीमीटर वर म्हणजे साधारण तेवढंच बाहेर. चेंडूचा व्यास असतो किमान 42.67 मिलिमीटर, तेव्हा ही चूक अर्ध्या चेंडूहून मोठी झाली. प्रत्यक्ष स्विंगमध्ये शाफ्ट वाकतो, अंग वर-खाली होतं, त्यामुळे हे माप जसंच्या तसं लागू पडत नाही. पण हीलवर फटके बसत असतील तर पहिला संशय इथेच घ्यावा.

यावर उपाय दोन. एक, डोकं टेकवायचंच नाही. चेंडूच्या मागे, फटका जिथे बसायला हवा त्याच उंचीवर अधांतरी धरायचं. अमेरिकी गोल्फपटू जॅक निकलस असंच करत. दुसरा, टेकवायचं, पण चेंडू मध्यापेक्षा टोच्या (हीलच्या विरुद्ध) बाजूला ठेवायचा. किती, ते वरच्या प्रयोगातून कळतं: आधी डोकं उचलून चेंडू मध्यावर आणा, मग पाय न हलवता फक्त हात खाली सोडून टेकवा. चेंडू टोकडे जिथे दिसेल ती तुमची जागा. ती डोळ्यांना विचित्र वाटते, पहिले काही दिवस तर फारच.

अधांतरी धरण्याचे आणखी दोन फायदे आहेत. बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागे नेणं, सुरू होताना डोकं गवतात अडकत नाही आणि क्लबचं वजन हातांना पहिल्यापासून जाणवतं. टेकवलेला क्लब उचलताना पकड नकळत आवळली जाते आणि मनगटं ताठ होतात. तोटा एवढाच, की फार वेळ धरून उभं राहिलात तर हात भरून येतात आणि क्लबचं डोकं डुलायला लागतं. म्हणून बाकी सगळं जमवेपर्यंत क्लब गवताच्या पात्यांवर हलका ठेवा, शेवटची नजर लक्ष्याकडे टाकून झाली की उचला आणि दोन-तीन सेकंदांत स्विंग सुरू करा. पूर्ण भार टाकून क्लब जमिनीत रेटून उभं राहणं मात्र कोणत्याच पद्धतीत बसत नाही.

हे सगळं टीच्या उंचीवर अवलंबून आहे, तेव्हा ती रोज बदलू नका. ड्रायव्हर टेकवल्यावर साधारण अर्धा चेंडू क्राउनच्या (क्लबच्या डोक्याच्या माथ्याच्या) वर दिसावा. 460 सीसी घनफळाच्या मोठ्या डोक्याला टी जमिनीवर सुमारे दीड इंच येते. टीवर पेनाने रेघ मारून ठेवली की दर वेळी अंदाज बांधावा लागत नाही.

आता पवित्रा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी फेस, मग पाय. चेंडूच्या मागे उभं राहून लक्ष्याच्या रेषेत, चेंडूच्या पुढे मीटरभरावर एखादी खूण हेरा, तुटकी टी किंवा वाळलेलं पान चालेल. दोनशे मीटर लांबच्या झाडापेक्षा या खुणेवर फेस रोखणं कितीतरी सोपं जातं. फेस लावून झाला की दोन्ही पाय जुळवून चेंडूसमोर या. पुढचा पाय, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा, लक्ष्याकडे थोडासाच सरकवा. मागचा चांगला लांब टाका, दोन टाचांमधलं अंतर खांद्यांच्या रुंदीएवढं होईल इतका. चेंडू पुढच्या टाचेच्या आतल्या कडेसमोर यायला हवा. बरेच जण दोन्ही पाय सारखेच फाकवतात, तिथेच चेंडू मध्यात येतो आणि फटका वरून खाली बसतो. ड्रायव्हरचा फटका डोकं सर्वांत खालच्या बिंदूवरून वर चढत असताना बसायला हवा, म्हणून चेंडू पुढे.

चेंडू पुढे ठेवण्यात एक खोड आहे. त्याच्याकडे हात नेताना मागचा खांदा पुढे ओढला जातो आणि खांद्यांची रेषा लक्ष्याच्या डावीकडे वळते. पाय सरळ, खांदे तिरपे: स्लाइसचं (चेंडू हवेत उजवीकडे वळत जाण्याचं) हे नेहमीचं मूळ. त्यासाठी पाठीचा कणा लक्ष्यापासून किंचित मागे झुकवायचा. मागचा हात सोडून मागच्या मांडीवरून गुडघ्याच्या दिशेने खाली सरकवा. मागचा खांदा आपोआप खाली जाईल. तसाच तो हात पकडीवर परत आणा. पुढचा खांदा आता मागच्यापेक्षा वर आहे, छाती चेंडूच्या जराशी मागे आहे आणि मागच्या पायावर निम्म्याहून थोडा जास्त भार आहे. कंबर मात्र मागे ढकलायची नाही. सगळं अंगच मागे नेलंत तर स्विंगचा खालचा बिंदू फार मागे जातो आणि क्लब चेंडूआधी जमीन खरवडतो.

हात कुठे? शाफ्ट समोरून बघता जवळजवळ उभा दिसावा, क्लबच्या मुठीचं टोक पट्ट्याच्या बक्कलाच्या आसपास. आयर्नच्या (पातळ धातूच्या डोक्याच्या क्लबच्या) सवयीने हात पुढे ढकलले तर लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, कमी होतो आणि फेस उघडतो, म्हणजे लक्ष्याच्या उजवीकडे बघतो. अंतर तपासायला मुठीचं टोक आणि मांडी यांच्या मध्ये हाताची एक मूठ, अंगठा ताणून, बसवून बघा. हात खांद्यातून मोकळे लोंबायला हवेत. मागचा हात पकडीवरून सोडल्यावर तो अंगाकडे झुलला तर तुम्ही चेंडूपासून लांब उभे आहात.

फेस सरळ आहे की नाही हे बघताना ड्रायव्हर फसवतो. त्याचा फेस आडवा आणि उभा, दोन्हीकडे फुगीर असतो. त्यामुळे वरच्या कडेच्या फक्त मधल्या भागावरून अंदाज घ्या. शिवाय डोकं आणि शाफ्टच्या जोडावर लॉफ्ट बदलता येणारी कॉलर असेल तर आणखी एक भानगड: लॉफ्ट वाढवला की टेकवलेला फेस बंद दिसतो, कमी केला की उघडा. सेटिंग बदलल्यावर फेस पुन्हा नजरेने तपासाच. अधांतरी धरणाऱ्याला हा त्रास कमी होतो, कारण फेस कुठे बघतो ते जमीन ठरवत नाही, हात ठरवतात. म्हणूनच पकड घेतानाच फेस सरळ आहे ना, हे बघून घ्यावं लागतं. नंतर मनगट वळवून तो सरळ करायला गेलं की पकडच बिघडते.

जमलं की नाही ते फेसच सांगतो. पायांना मारायच्या पावडरचा हलका फवारा फेसवर मारा आणि दहा चेंडू मारा. खुणा स्पष्ट उमटतात. खुणा हीलकडे असतील तर चेंडूची जागा अजून टोकडे न्या किंवा अर्धं पाऊल मागे व्हा. टोकडे असतील तर उलट. दोन-तीन फटक्यांवरून निष्कर्ष काढू नका, खुणांचा पुंजका कुठे पडतो ते बघा. खुणा वरच्या कडेला किंवा क्राउनवर दिसल्या तर टी खाली दाबण्याआधी भार पुढच्या पायावर जातोय का ते तपासा. चेंडू आकाशात उडण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

क्लब चेंडूमागे नेताना धक्का लागून चेंडू टीवरून पडला तर घाबरायचं कारण नाही: फटका मारलेलाच नसतो, दंड नाही, पुन्हा टी लावा. मारण्यासाठी स्विंग केला आणि चेंडू चुकला तर मात्र तो फटका मोजला जातो, चेंडू टीवर जसाच्या तसा असला तरी. 2019 पासून लागू झालेल्या नियमांत अशा वेळी चेंडू अजून टी-क्षेत्रातच (पहिला फटका मारायच्या जागेतच) असेल तर तो उचलून, हवा तर टी कमी-जास्त करून, दंडाशिवाय पुन्हा मांडता येतो.