जुनी बोट लांबून ओढून आणताना तापलेला हब

अमेरिकेत जुनी मोठी बोट घेताना सगळे इंजिन तपासतात; रस्त्यात दगा देतो तो ट्रेलर, म्हणजे बोट ठेवून गाडीमागे ओढायचा चाकांचा सांगाडा. माझ्या ट्रेलरचं डावं मागचं चाक पहिल्या 50 मैलांतच इतकं तापलं, की हबला, म्हणजे बेअरिंग बसवलेल्या चाकाच्या मधल्या भागाला, हात लावता येईना. हबची टोपी उघडली तर ग्रीस दुधाळ, म्हणजे पाणी शिरलेलं. बोट उतरवताना ट्रेलर पाण्यात नेला, तापलेला हब थंड पाण्यात बुडाला, की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून (पाणी अडवणाऱ्या कड्यातून) पाणी आत ओढलं जातं.

नुसतं ग्रीस भरून भागत नाही. बेअरिंग, त्याच्या बाहेरच्या रिंगा आणि सील, तिन्ही बदलली. तळहातावर मरीन (पाण्यात टिकणारं) ग्रीस घेऊन बेअरिंगच्या रोलरांमध्ये दाबलं, पलीकडून बाहेर येईपर्यंत. चाक फिरवत नट घट्ट केला, मग सैल करून फक्त बोटांनी आवळला, नट सुटू नये म्हणून नवी कॉटर पिन घातली. जास्त आवळलं तर हब पुन्हा तापणारच.

टायरवरच्या डीओटी (अमेरिकेचं परिवहन खातं) क्रमांकाचे शेवटचे 4 आकडेही वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी 6 वर्षांपुढचे टायर मी लांबच्या प्रवासाला नेत नाही. बोट 8 फूट 6 इंचांहून रुंद असेल तर वाटेतल्या प्रत्येक राज्याचा परवाना आधीच काढा.