रिसेप्टर पेशीत आहे, पण पटलावर आहे का?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातले आठ महिने मी एका चुकीच्या आकड्यामागे घालवले. आठवलं की अजूनही पोटात कालवतं, म्हणून आधी तेच सांगते.

एका संयुगाने यकृताच्या पेशींमध्ये एलडीएल रिसेप्टर (रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, धरून आत घेणारं प्रथिन) वाढतो का, हे मी पाहत होते. एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठी निघणारी जनुकाची प्रत) वाढलं. सगळी पेशी फोडून केलेल्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) प्रथिनही वाढलं. पण पेशी एलडीएल काही जास्त आत घेईनात. मी एलडीएलचा लॉट बदलला, पेशी बदलल्या, स्वतःच्या हातावर संशय घेतला. रिसेप्टर पेशीपटलावर पोचलाय का, एवढंच तपासलं नाही.

पेशी फोडली की पटलावरचं, ईआरमध्ये (पेशीतली प्रथिनं घडवण्याची जागा) अडकलेलं आणि लायसोसोमकडे (पेशीतली मोडतोडीची जागा) निघालेलं प्रथिन एकाच नळीत येतं. गोल्डस्टाइन आणि ब्राउन यांना 1985 चं नोबेल मिळालं ते याच रिसेप्टरच्या कामामुळे. त्यांनी अभ्यासलेल्या कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमियात (आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल) काही म्युटेशनमध्ये रिसेप्टर बनतो, पण ईआरबाहेर पडत नाही. काहींत तो पटलावर येतो, एलडीएल धरतो, पण क्लॅथ्रिनच्या खळग्यांत (पटलावरचा माल आत ओढणारे खळगे) गोळा होत नसल्याने आत जात नाही. दोन्हीकडे ब्लॉटवर पट्टी दिसते आणि रक्तातलं एलडीएल चढंच राहतं. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांचंही पाहा. जनुकं चालू करणाऱ्या एसआरईबीपी2 या प्रथिनामार्फत रिसेप्टरचं जनुक जोर धरतं, तसंच पीसीएसके9 या प्रथिनाचंही, आणि ते रिसेप्टरला लायसोसोममध्ये नष्ट व्हायला पाठवतं. नुसतं एमआरएनए मोजून यातलं काय कळणार?

म्हणून प्रयोगशाळेत नवे असाल तर पहिल्याच महिन्यात पृष्ठभागावरचं बायोटिनायलेशन (पटलावरच्या प्रथिनांना बाहेरून बायोटिनची खूण लावून ती वेगळी काढणं) शिका. सगळं बर्फावर, थंड बफरमध्ये करा. पेशी कोमट झाल्या की बायोटिन लागलेली प्रथिनं आत ओढली जातात. उरलेलं बायोटिन ग्लायसिनने संपवा, मगच पेशी फोडा. पृष्ठभागाच्या नमुन्यात जीएपीडीएच (पेशीच्या आतलं प्रथिन) ठळक दिसलं तर पेशी आधीच फुटल्या होत्या. तो प्रयोग टाका, मन घट्ट करून टाका. लोडिंगसाठी, म्हणजे सगळे नमुने सारखेच भरलेत का हे कळायला, सोडियम-पोटॅशियम एटीपेझ (पटलावरचं प्रथिन) बघा. फ्लो सायटोमेट्रीसाठी (एकेक पेशी मोजण्याची पद्धत) पेशी ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या विकराने सोडवू नका, ते बाहेर डोकावणारी प्रथिनंच छाटू शकतं.

एबीसीए1 सारखं पटलातून 12 वेळा आरपार जाणारं प्रथिन 95 अंशांवर उकळू नका, गुठळी होऊन जेलच्या वेलमध्येच (नमुना भरायची खाच) अडकतं. सीडी36 हे पटलावरचं प्रथिन हिशेबाच्या 53 ऐवजी 88 किलोडाल्टनजवळ (प्रथिनाच्या वजनाचं एकक) दिसलं तर घाबरू नका, त्याला शर्करेच्या साखळ्या असतात.

ब्लॉटची हवी तेवढीच पट्टी कापून ठेवायची सवय मला एका सीनियरने लावली. वेळ वाचतो म्हणे. माझ्या मते नवख्याचं इतकं नुकसान दुसरी कुठली सवय करत नाही. मार्गदर्शक निवडताना शोधनिबंधांची संख्या पाहू नका, अख्खा ब्लॉट शेजारी बसून पाहणारा माणूस शोधा.

मला अशी एक पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारी) उशिरा भेटली. तिने जुन्या मूळ फाइल उघडायला लावल्या. एलडीएल रिसेप्टरच्या दोन पट्ट्या होत्या: 120 किलोडाल्टनची अपक्व, म्हणजे अजून ईआरमधली, आणि 160 ची पक्व. मी दोन्हींची बेरीज करत आले होते. वेगवेगळ्या मोजल्या, तर वाढ सगळी 120 मध्ये होती. आठ महिने वाया गेले नव्हते. पुढचा प्रश्न त्यातूनच मिळाला: हा रिसेप्टर ईआरमध्ये का अडकतोय? माझा प्रबंध आता त्यावरच चालू आहे.