भिलारची स्ट्रॉबेरी संपली की हेरफर्डशायरची

आमच्या पाचगणी-भिलारकडे स्ट्रॉबेरीचा हंगाम मार्च-एप्रिलला आटोपतो आणि इंग्लंडातल्या हेरफर्डशायर भागात मे महिन्यात सुरू होतो. म्हणून 2024 साली मी तिथल्या सीझनल वर्कर व्हिसाच्या, म्हणजे हंगामी शेतमजुरांच्या व्हिसाच्या मागे लागलो. आधी गेलो एका एजंटाकडे. त्यानं चार लाख सांगितले, वर म्हणाला, "दोन वर्षांत पीआर, म्हणजे कायमचं राहण्याची परवानगी, मग वहिनींनाही न्या." सगळी थाप. हा व्हिसा जास्तीत जास्त सहा महिन्यांचा. त्यावर बायकोमुलांना नेता येत नाही, आणि तिथं राहून दुसऱ्या व्हिसावर उडीही मारता येत नाही. चहा पिऊन निघालो.

तिथला शेतमालक तुम्हाला थेट बोलावू शकत नाही, हे आधी डोक्यात ठेवा. बोलावू शकतात ते स्पॉन्सर, म्हणजे सरकारनं परवाना दिलेल्या मोजक्या कामगार पुरवणाऱ्या कंपन्या, ज्यांना ऑपरेटर म्हणतात, त्यांची नावं ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर असतात. व्हिसाच्या अर्जाला लागणारी सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप तेच देतात. नाव सर्टिफिकेट असलं तरी कागद नाही, नुसता एक नंबर. त्यामुळे व्हॉट्सॲपवर शिक्केबाज रंगीत कागद आला की समजून जा. नोकरी मिळवून देण्याचे पैसे कामगाराकडून घेणं तिथं बेकायदा आहे. आपल्याकडे परवानाधारक एजंटाला जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. परवाना खरा की खोटा ते भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कळतं.

नंबर हातात आला की बाकीचं सोपं. अर्ज ऑनलाइन, कामाच्या तारखेआधीच्या तीन महिन्यांत. तेव्हा फी 298 पौंड होती, म्हणजे साधारण 31 हजार रुपये. ती वाढत जाते, आजचा आकडा बघूनच भरा. खात्यात 1,270 पौंड सलग 28 दिवस दाखवावे लागतात, पण ऑपरेटरनं हमी घेतली तर ती कटकट नाही. माझ्या ऑपरेटरनं घेतली होती, तरी आधी विचारून घ्या. मग मुंबईत बोटांचे ठसे, फोटो, आणि वाट बघणं. विमानाचं तिकीट अर्थात आपल्याच खिशातून.

आता पैशांचं. एजंट आठवड्याला साठ तास धरून हिशेब मांडतात. तुम्ही 32 धरा, कारण पगाराची हमी तेवढ्याच तासांची असते. ताशी किमान वेतन तेव्हा 11.44 पौंड, म्हणजे आठवड्याला 366. त्यातून कॅरॅव्हॅनचं, म्हणजे राहायच्या चाकांवरच्या घराचं भाडं जातं, आमचं दिवसाला 9.99 पौंड कापायचे. वर खाणं. या हिशेबात तिकीट आणि फी वसूल होत असेल तरच निघा. जास्त तास मिळाले तर तो वरकड. आम्हाला जूनमध्ये मिळाले, ऑगस्टच्या पावसाळी आठवड्यात नाही.

काम? वाफे कमरेएवढ्या उंच स्टँडवर, त्यामुळे पाठ वाचते. पण फळाला बोट न लावता देठ जरासा ठेवून तोडायचं, आणि तेही भरभर. संध्याकाळी प्रत्येकाचे किलो बोर्डावर लागत. पहिल्या आठवड्यात मी तळाला होतो, मला लहानपणापासून स्ट्रॉबेरी येते हे सांगायचीही सोय उरली नाही. किलोवर मजुरी असली तरी ती किमान वेतनाखाली आली तर फरक शेतानं भरायचा असतो. म्हणून पे-स्लिप दर आठवड्याला वाचा आणि जपून ठेवा. टॅक्सही तिथंच दिसतो. वर्षाला 12,570 पौंडांपर्यंत आयकर नाही, आणि सहा महिन्यांची कमाई बहुतेकदा त्याच्या आत बसते. माझा कापला गेला होता. निघताना पी-45, म्हणजे पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा नोकरी सोडतानाचा कागद, मागून घेतला आणि घरी आल्यावर परताव्याचा अर्ज केला.

परतलो तेव्हा भावानं रोपं लावून ठेवली होती. पहिल्या तोडणीला मी एकेक फळ देठाला धरून हळूच काढू लागलो, तर आई म्हणाली, "अरे, आज संध्याकाळपर्यंत गाडी भरायचीय."