पक्षी आणि फुले रेखाटताना या चुका टाळा

साताऱ्यात नवशिक्यांच्या चित्रवह्या पाहताना एक गोष्ट मला वर्षानुवर्षे खटकत आली आहे: पंखांच्या छटा तासन्‌तास घोटलेल्या असतात, पण पायांची बोटे कोणी मोजलेलीच नसतात. बुलबुल असो, पोपट असो की तांबट, सरसकट तीन बोटे पुढे आणि एक मागे. बुलबुलाला ते बरोबर आहे. पोपट, तांबट आणि भारद्वाज यांची मात्र दोन बोटे पुढे व दोन मागे असतात.

ही चूक मीही केली आहे. छायाचित्रावरून भारद्वाज काढताना पाय गवतात झाकलेले होते, म्हणून ते अंदाजाने उतरवले आणि चार दिवस विटकरी पंखांवर घालवले. सांगलीतल्या एका प्रदर्शनात कृष्णाकाठचे एक वयस्कर शेतकरी त्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "कुंभारकावळा बेस काढलाय, पण पाय त्येचा न्हाई. मागचं एक नख लई लांब आन् सरळ असतंय." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच उसाच्या कडेला, पाटाच्या चिखलात, त्यांनी मला तो ठसा दाखवला: फुलीसारखी चार बोटे आणि मागच्या एका बोटाला जोडून त्या नखाची बारीक, सरळ रेघ. तेव्हापासून मी कागदाच्या कोपऱ्यात आधी पाय काढतो, आणि पाय नीट पाहिलेला नसेल तर तो पक्षी रंगवायला घेत नाही. उलटा वाकलेला जो गुडघा आपण समजतो तो पक्ष्याचा घोटा असतो. खरा गुडघा पोटाजवळच्या पिसांत दडलेला असतो. मोबाइलवरचे चित्र काचेखाली ठेवून गिरवणाऱ्याला हे कधीच कळत नाही, म्हणून ती पळवाट मला मान्य नाही.

फुलांचेही तेच. ताम्हणाच्या पाकळ्या साधारणतः ६ असतात, सवयीने ५ काढल्या जातात. कारवीची पाने समोरासमोर येतात, एकाआड एक नव्हे.

दुसरी मोठी चूक शाईची. कासच्या पठारावर वायतुरा या पावसाळी रानफुलाचा दुबेळक्यासारखा फुटलेला तुरा मी साध्या फाउंटन पेनने रेखाटला आणि घरी येऊन त्यावर जांभळट जलरंगाचा पहिला हात दिला. क्षणात सगळ्या रेषा निळसर ओघळात विरघळल्या आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावे लागले. शाई पाण्यात न विरघळणारीच हवी. मी टाक आणि काळी इंडियन इंक वापरतो. ही शाई फाउंटन पेनमध्ये भरू नये, पेन चोंदते. त्याच कागदाच्या तुकड्यावर रेघ ओढून ती रात्रभर वाळवतो आणि सकाळी ओला ब्रश फिरवून पाहतो. पावसाळी हवेत तासाभराची घाई नडते.

पेन्सिलीच्या गडद रेषा रंगाआधीच खोडून फिकट कराव्यात, रंगाखाली गेल्यावर त्या सहसा निघत नाहीत. खंड्याचा पांढरा गळा म्हणजे कोरा सोडलेला कागद. त्यावर नंतर पांढरा रंग थापू नये. कोतवालासाठी ट्यूबमधला तयार काळाही मी टाळतो: अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) दाट मिसळले की येणाऱ्या काळ्यात निळे अंग थोडे वाढवता येते, आणि उन्हातल्या कोतवालाच्या पाठीवरची निळसर चमक त्यातूनच उतरते.